गाडाभर साधने आणि एक मास्तर

पुण्या-मुंबईची मंडळी आम्हांला सरसकट ‘वऱ्हाडी’ म्हणतात. वास्तविक वऱ्हाड वर्धा नदीच्या पलीकडे. आम्ही अलीकडचे, नागपूर प्रांताचे. पण पाहुण्याची चूक पहिल्याच पंगतीत काढू नये, म्हणून आम्हीही हसून घेतो. माझे गाव केळझर. नागपूरहून वर्ध्याला निघाले की अर्धा रस्ता ओलांडल्यावर डाव्या-उजव्या हाताला टेकड्या दिसू लागतात. त्यांतल्या एका टेकडीवर आमचा सिद्धिविनायक बसला आहे. विदर्भाच्या अष्टविनायकांत त्याची गणना होते. महाभारतातली एकचक्रानगरी ती हीच, असे आमच्याकडचे लहान पोरही छातीठोकपणे सांगते. असा दावा सांगणारी गावे देशात आणखीही आहेत, हे मला इतिहास शिकवू लागल्यावर कळले. पण केळझरात राहून ते मोठ्याने बोलण्याचे धैर्य मला कधी झाले नाही.

एकचक्रा म्हटली की बकासुर आलाच. रोज गाडाभर अन्न, दोन रेडे आणि ते घेऊन जाणारा एक माणूस, असा त्याचा रतीब. लहानपणी ही गोष्ट ऐकताना मला बकासुराची भीती वाटत नसे. माझे लक्ष त्या गाडा हाकणाऱ्या माणसाकडे असे. गाड्यात काय भरायचे ते सारे गाव ठरवी. पण गाड्याबरोबर जाणाऱ्याची विचारपूस कोण करी?

पुढे छत्तीस वर्षे मी महाविद्यालयात इतिहास शिकवला, आणि शिक्षणाच्या इतिहासात मला तोच गाडा पुनःपुन्हा भेटला. दर पिढीला कोणीतरी नवे साधन गाड्यात भरतो. कधी ती टकळी असते, कधी दूरदर्शनचा संच, कधी संगणक. गाडा सजतो, वाजत-गाजत निघतो. त्यावर एक मास्तर बसवलेला असतो, आणि त्याला कोणी काही शिकवलेले नसते. या दिवाळीत फराळाच्या ताटाशी बसून वाचकांना मी त्या मास्तराची हकिकत सांगणार आहे. ती बरीचशी आमच्या वर्धा जिल्ह्यातच घडली आहे.

माझे वडील मास्तर होते. घरात आम्ही त्यांना बाबा म्हणत असू आणि गाव त्यांना गुरुजी म्हणे. त्यांची एक पितळी चकतीची टकळी अजून माझ्या टेबलावर आहे. तिची कुळकथा अशी.

१९३७ च्या ऑक्टोबर महिन्यात, २२ आणि २३ तारखेला, वर्ध्याच्या नवभारत विद्यालयात एक शिक्षणपरिषद भरली. अध्यक्षस्थानी गांधीजी होते. प्रांतोप्रांती नुकतीच काँग्रेसची मंत्रिमंडळे आली होती आणि गोरगरिबांच्या मुलांना शिकवायचे कसे व कशाच्या पैशावर, हा प्रश्न दारात उभा होता. परिषदेने ठराव केले ते थोडक्यात असे: सात वर्षे मोफत व सक्तीचे शिक्षण, ते मातृभाषेतून, आणि सर्व शिक्षणाचा मध्यबिंदू एखादा हस्तोद्योग. मुलांच्या हातून निघालेल्या मालातून हळूहळू शिक्षकाचा पगार निघावा, अशी आशाही त्यांत होती. या शेवटच्या कलमावर परिषदेतच वाद झाले. अर्थशास्त्रज्ञ के. टी. शहांसारख्यांनी स्पष्ट शंका काढल्या.

मग अभ्यासक्रम आखायला एक समिती नेमली गेली. अध्यक्ष डॉ. झाकीर हुसेन, जे पुढे १९६७ साली राष्ट्रपती झाले. सभासदांत विनोबा होते, काका कालेलकर होते, किशोरलाल मशरूवाला आणि कुमारप्पा होते. शांतिनिकेतनाचा अनुभव गाठीशी असलेले आर्यनायकम् आणि आशादेवी हे दांपत्यही होते. त्या समितीने साडेपाच तासांच्या शाळेपैकी तीन तास वीस मिनिटे उद्योगाला दिली. बाकी सर्व विषय उरलेल्या वेळात आणि उद्योगाच्या अनुषंगाने शिकवायचे होते.

आता टकळीवर काय शिकवणार, असे कोणालाही वाटेल. मलाही वाटे. बाबांनी मला एका दुपारी ओसरीवर बसवून दाखवले. चार फूट सूत म्हणजे एक तार. एकशे साठ तारांची एक लटी. चार लट्यांची, म्हणजे सहाशे चाळीस तारांची एक गुंडी. “आता सांग,” ते म्हणाले, “एका गुंडीत किती फूट सूत झालं?” मी बोटे मोडू लागलो. दोन हजार पाचशे साठ फूट. “म्हणजे इथून गणपतीच्या टेकडीपर्यंत जाईल का?” त्यासाठी टेकडी मोजावी लागली. आम्ही खरोखरच दोरी घेऊन निघालो. वाटेत पऱ्हाटीचे शेत लागले, तेव्हा कापूस कोणत्या जमिनीत येतो ते निघाले. हिंगणघाटचा कापूस विलायतेला का जाई हे निघाले, आणि तिथून इंग्रजांचे राज्य निघाले. संध्याकाळी घरी आलो तेव्हा माझा गणिताचा, भूगोलाचा आणि इतिहासाचा तास होऊन गेला होता आणि मला वाटत होते की आपण फिरून आलो.

ही किमया टकळीची नव्हती, बाबांची होती. आणि बाबांना ती जन्मतः आलेली नव्हती. तरुणपणी त्यांनी वर्ध्याला अध्यापनाच्या वर्गात एक वर्ष काढले होते. झाकीर हुसेन समितीचे थोरपण माझ्या मते इथे आहे. तिने मुलांचा अभ्यासक्रम लिहिला तसाच शिक्षकांचाही लिहिला. पूर्ण शिक्षणक्रम तीन वर्षांचा, आणि निकडीपुरता एक वर्षाचा. १९३८ मध्ये हिंदुस्तानी तालीमी संघ स्थापन झाला आणि शेगावात, म्हणजे पुढच्या सेवाग्रामात, आर्यनायकम् दांपत्याने मास्तरांना शिकवायला सुरुवात केली. मास्तर तिथे मुलांसारखे राहत. झाडू मारत, सूत काढत, स्वयंपाक करत, आणि रात्री आज मुलांना काय समजले नाही याचा हिशेब एकमेकांना देत. बाबा त्या दिवसांबद्दल बोलू लागले की त्यांचा आवाज बदले. “मास्तराच्या चुका मास्तरांनीच काढायच्या, आणि कोणी कोणाले हसायचं नाही,” असा तिथला रिवाज होता, ते सांगत.

पण देशभर जे झाले ते निराळे झाले. स्वातंत्र्यानंतर बुनियादी शिक्षण हे सरकारी धोरण ठरले. शाळांच्या पाट्या रातोरात बदलल्या. टकळ्यांच्या पेट्या आल्या, पेळू आले, कधी पेळू आलेच नाहीत. नव्हती ती एकच गोष्ट, टकळीवरून टेकडीपर्यंत जाणारा मास्तर. परिणामी पुष्कळ ठिकाणी टकळी ही कवाइतीसारखी झाली. मुले तासभर सूत तोडत, मास्तर वजन करत आणि वहीत आकडे भरत. १९५५-५६ मध्ये जी. रामचंद्रन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने देशातल्या बुनियादी शिक्षणाची पाहणी केली, तेव्हा योजनेत आणि अंमलात किती अंतर पडले आहे ते सरकारी कागदावरही आले. पुढे कोठारी आयोगाने या कल्पनेचा ‘कार्यानुभव’ केला आणि टकळ्या कपाटात गेल्या. बाबा निवृत्त झाले त्या दिवशी ते आईला म्हणाले, “टकळीले नाव ठेवतात लोक. टकळी बिचारी काय करेल? मास्तराले शिकवलं असतं तर तिनं बोलून दाखवलं असतं.”

वास्तविक मास्तराला आधी शिकवावे, हे शहाणपण महाराष्ट्राला नवे नव्हते. पंतोजींच्या शाळेत धूळपाटीवर अक्षर गिरवणारे पोर आणि छडी यांपलीकडे साधन नव्हते, त्या काळातून आपण बाहेर येत होतो तेव्हाच ते सुचले होते. एल्फिन्स्टनमध्ये अध्यापक झालेले बाळशास्त्री जांभेकर १८४५ साली शिक्षक तयार करणाऱ्या वर्गाचे प्रमुख झाले, आणि दुसऱ्याच वर्षी वारले. सावित्रीबाई फुले यांचे नाव आपण पहिल्या शिक्षिका म्हणून घेतो. पण शाळेत उभ्या राहण्याआधी त्यांनी अहमदनगरला आणि पुण्याला अध्यापनाचे शिक्षण घेतले होते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. १८५४ च्या वुडच्या खलित्याने विद्यापीठे काढा असे सांगितले, तसेच शिक्षकांच्या शिक्षणाची सोय करा असेही सांगितले. विद्यापीठे तीन वर्षांत निघाली. मुंबई, कलकत्ता आणि मद्रास, १८५७. आमच्या नागपूरची महाविद्यालये आधी कलकत्त्याला आणि नंतर अलाहाबादला जोडलेली होती. आमचे स्वतःचे विद्यापीठ १९२३ साली निघाले. आणि या सर्व विद्यापीठांनी एक गोष्ट गृहीत धरली ती अशी, की शाळेतल्या मास्तराला शिकवायला शिकावे लागते, पण महाविद्यालयातल्या प्राध्यापकाला लागत नाही. एम.ए. झाला की तो आपोआप शिकवू लागतो, जसे बदकाचे पिल्लू पोहू लागते.

मी ते पिल्लू होतो. १९७१ साली माझी व्याख्याता म्हणून नेमणूक झाली. पहिल्या दिवशी प्राचार्यांनी मला खडू दिला, हजेरीपट दिला आणि वर्ग दाखवला. एवढेच माझे प्रशिक्षण. मी नोट्स काढल्या आणि सतरा वर्षे सांगितल्या. मी सांगायचे, मुलांनी उतरून घ्यायचे. माझ्या आवाजाची जिल्ह्यात वाहवा होती.

त्या काळातली एक उत्तरपत्रिका मी अद्याप विसरलो नाही. केळझरच्याच बाजूच्या एका खेड्यातला मुलगा होता. सहा मैल सायकल मारून मोटारीच्या थांब्यावर यायचा, मागच्या बाकावर बसायचा, एक शब्द न सोडता लिहून घ्यायचा. परीक्षेत त्याने लिहिले: ‘१८५४ साली इंग्रजांनी उडता खलिता काढला.’ मी पोट धरून हसलो. अध्यापककक्षात सर्वांना वाचून दाखवले, आणि सर्व हसले. वुडचा खलिता त्याला ‘उडता’ ऐकू आला होता, आणि वर्षभरात ते विचारायची त्याची छाती झाली नव्हती. तो नापास झाला. पुढल्या वर्षी आला नाही. एका जिनिंगमध्ये कामाला लागला असे कळले. शिक्षकाला शिकवा असे सांगणाऱ्या खलित्याचे नावच न शिकवता येणारा मास्तर मी, आणि नापास मात्र तो झाला, हा विनोद त्या वेळी माझ्या लक्षात आला नाही.

मधल्या काळात गाडा भरतच होता. १९७५ च्या ऑगस्टपासून वर्षभर अमेरिकेचा एटीएस-६ हा उपग्रह उसना घेऊन सहा राज्यांतल्या चोवीसशे खेड्यांत दूरदर्शनचे संच बसवले गेले. आपले राज्य त्या सहांत नव्हते, म्हणून आम्ही ते वर्तमानपत्रात वाचले. त्या प्रयोगातला एक भाग मला फार मोलाचा वाटतो. उपग्रहावरून मुलांना धडे दिले तसे सुमारे पन्नास हजार प्राथमिक शिक्षकांना विज्ञान कसे शिकवावे याचेही धडे दिले, आणि जोडीला छापील साहित्य व हाताने करायचे प्रयोग दिले. पुढे १५ ऑगस्ट १९८४ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाने महाविद्यालयांसाठी दूरदर्शनवर तास सुरू केला. कार्यक्रम पुण्यासारख्या विद्यापीठांतल्या केंद्रांत तयार होत. चित्रे सुरेख असत. पण ते इंग्रजीत, आणि दुपारी. आमच्या खेड्यांतून येणारी मुले तेव्हा मोटारीत असत किंवा शेतात. मी स्वतः दोन-चार कार्यक्रम पाहिले आणि मनात म्हणालो, आपल्याला काय याचे? आपला आवाज आहे ना.

त्या आवाजाचा निकाल १९८८ साली लागला. १९८६ च्या राष्ट्रीय शिक्षणधोरणाने प्रथमच मान्य केले की प्राध्यापकालाही आधार लागतो. अनुदान आयोगाने देशभर विद्यापीठांतून अठ्ठेचाळीस ‘अॅकॅडेमिक स्टाफ कॉलेजे’ काढण्याची योजना आखली. नव्यांसाठी चार आठवड्यांचा उद्बोधन वर्ग, जुन्यांसाठी तीन आठवड्यांचा उजळणी वर्ग. वर्गाचे प्रमाणपत्र बढतीला लागे, म्हणून आम्ही सारे हौसेने गेलो. खोटे कशाला बोलू? शिकायला कोणीच गेलो नव्हतो. वसतिगृहात पत्ते रंगत आणि मेसच्या वांग्याच्या भाजीची निंदा होई.

दुसऱ्या आठवड्यात एक वृद्ध अध्यापिका आल्या. त्यांनी ‘सूक्ष्म अध्यापन’ नावाचा प्रकार सांगितला. १९६३ च्या सुमारास अमेरिकेत स्टॅनफर्डला तो निघाला आणि चारेक वर्षांत अलाहाबादला आणि पुढे बडोद्याकडे आला. पाच-सात मिनिटांचा एवढासा पाठ घ्यायचा, त्यात एकच कौशल्य पाहायचे, प्रश्न विचारण्याचे म्हणा किंवा दाखला देण्याचे. मग त्यावर बोलायचे आणि तोच पाठ पुन्हा घ्यायचा. बी.एड. झालेले मास्तर हे सर्व करून चुकले होते. आम्हां प्राध्यापकांना ते कमीपणाचे वाटले. त्यांनी व्हिडिओचा कॅमेरा लावला आणि पहिला पाठ घ्यायला मला उभे केले. माझी कीर्ती त्यांच्या कानी गेली असावी.

मी सात मिनिटे वुडचा खलिता शिकवला. मग पडद्यावर त्यांनी तो लावला. वाचकहो, सात मिनिटांपैकी जवळजवळ पाच मिनिटे पडद्यावर माझी पाठ दिसत होती. मी फळ्याशी बोलत होतो. ‘वुड’ हा शब्द तर मी फळ्याकडे तोंड करून, खडूच्या आवाजात मिसळून उच्चारला होता आणि तो लिहिलाही नव्हता. समोर बसलेल्या माझ्या स्नेह्यांपैकी एकाने वहीत काय लिहून घेतले होते ते बाईंनी वाचायला सांगितले. त्याने ‘उड’ लिहिले होते.

कोणी हसले नाही. बाई एवढेच म्हणाल्या, “आता पुन्हा घ्या. या वेळी फक्त त्यांच्याकडे पाहा.” मी पुन्हा पाठ घेतला. त्या रात्री मी पत्त्यांना बसलो नाही. सतरा वर्षांत माझ्या पाठीमागे किती जण ‘उडता खलिता’ लिहीत बसले असतील, याचा हिशेब मी लावत राहिलो आणि मला बाबांचे ते वाक्य आठवत राहिले: कोणी कोणाले हसायचं नाही.

त्यानंतर मी नोट्स सांगणे सोडले, असे लिहायला मला आवडले असते. सोडले, पण हळूहळू, आणि पुष्कळ चुका करत. फळ्यावर विशेषनामे लिहू लागलो. मुलांना आपापल्या गावचे कागद आणायला सांगू लागलो. जुनी दस्तऐवजे, आजोबांची पत्रे, सात-बारे. एका मुलीने तर आजीची रंगूनहून आलेली पत्रे आणली आणि दुसरे महायुद्ध आमच्या वर्गात शिरले. टकळीवरून टेकडीकडे जायची वाट मला चाळिशी उलटल्यावर सापडली. त्या जिनिंगमधल्या मुलाचा शोध घ्यायला मी एकदा गेलो होतो. कारखाना बंद पडला होता आणि तो कुठे गेला ते कोणाला ठाऊक नव्हते.

मी २००७ साली निवृत्त झालो. त्याआधीच, २००४ साली, शिक्षणासाठी खास एज्युसॅट हा उपग्रह आकाशात गेला होता. २०१७ मध्ये ‘स्वयम्’ आले. घरबसल्या देशातल्या नामवंतांची व्याख्याने ऐकावी. अॅकॅडेमिक स्टाफ कॉलेजांची नावे बदलली, आणि २०२३ च्या शिक्षकदिनी मदनमोहन मालवीयांच्या नावाने शिक्षकांच्या प्रशिक्षणाची नवी मांडणी झाली. इकडे वर्ध्यालाच १९९७ साली हिंदी विश्वविद्यालय निघाले. सेवाग्रामला १९६९ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथे प्रत्येक तुकडी एकेक खेडे दत्तक घेते आणि भावी डॉक्टर त्या खेड्यातल्या कुटुंबांकडून शिकतात. आणि बुनियादी शिक्षणाची सेवाग्रामची आनंद निकेतन शाळाही २००५ साली पुन्हा उघडली. साधनांची आता वाण नाही.

मग २०२० चा मार्च महिना उजाडला, टाळेबंदी झाली, आणि एका आठवड्यात सगळ्या देशातल्या प्राध्यापकांना सांगण्यात आले की उद्यापासून मोबाईलवर शिकवा. गाडा इतका भरलेला मी जन्मात पाहिला नव्हता. आमच्या शेजारच्यांची मुलगी एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवत असे. घरात नेटवर्क लागेना म्हणून ती रोज सकाळी गणपतीच्या टेकडीच्या चढावर जाऊन बसे. एके दिवशी उतरताना माझ्या ओसरीवर आली आणि रडू लागली.

“काका, पोरं दिसतच नाहीत जी मले. नुसते काळे चौकोन. मी चाळीस मिनिटं बोलली, अन् शेवटी विचारलं तं एकानं लिहिलं, मॅडम, आवाज येऊन नाही राहिला. चाळीस मिनिटं, काका!”

मला माझी पाठ आठवली. मी पडद्याबद्दल काहीच जाणत नव्हतो. पण टेबलावरची टकळी मी तिच्या हातात दिली आणि तार, लटी, गुंडी असे सारे सांगितले. मग आम्ही दोघांनी बसून तिचा एक पाठ सात मिनिटांचा केला. एक प्रश्न सुरुवातीला, एक शेवटी. तो तिने आवाजात भरून मुलांना पाठवला, कारण आवाज थोड्या नेटवर्कमध्येही पोचतो. संध्याकाळी एकेकाला साधा फोन केला. चौदा मुलांची उत्तरे आली. तिने मला ती वाचून दाखवली, तेव्हा आम्हां दोघांना पास झाल्याचा आनंद झाला.

आज ती अजून तासिकेवरच आहे. मध्ये मी तिला म्हणालो, नव्या केंद्रात दोन आठवड्यांचा वर्ग आहे, जा. ती म्हणाली, “जाईन जी काका, पण तेवढे तास बुडले तं तेवढे पैसे बुडतात.” मी गप्प बसलो. ज्या व्यवस्थेत शिकायला गेलेल्या मास्तराची मजुरी कापली जाते, तिथे गाड्यावर बसणाऱ्याची विचारपूस अजून कोणी करत नाही, असेच म्हणावे लागते. बकासुराला मारायला भीम गेला खरा. पण तो आईचा आशीर्वाद आणि चार भाऊ पाठीशी घेऊन गेला होता, ही गोष्ट सांगताना लोक विसरतात.

म्हणून गेल्या चार वर्षांपासून आमच्या ओसरीवर एक छोटासा उद्योग चालतो. दिवाळीच्या सुटीत, भाऊबीज झाली की, आसपासचे पाच-सात तरुण मास्तर येतात. कोणी शाळेतले, कोणी महाविद्यालयातले, बहुतेक तासिकेवरचे. प्रत्येकाने सात मिनिटे शिकवायचे. बाकीच्यांनी समोर बसून जे ऐकू आले ते लिहायचे, आणि मग वाचून दाखवायचे. मोबाईलवर त्याचे चित्र घेतात ते मीही चष्मा लावून बघतो. चकली-चिवडा आमच्याकडून असतो. रिवाज एकच, बाबांचा. मागल्या दिवाळीत भूगोलाचा एक पोरगा ‘खारे वारे’ शिकवत होता आणि एकीने ‘खरे वारे’ लिहिले. तो खजील झाला, मग म्हणाला, “थांबा, पुन्हा घेतो.”

यंदाही ते येतील. ओसरी सारवून ठेवली आहे.